न सांगितलेले पंधरा दिवस

मानवतच्या कापसाच्या जिनिंगमधल्या गड्यांनी फुटबॉलचा संघ उभा केला, तेव्हा पेडगावचा सुग्रीव त्यात हाफबॅक होता. गोल करणाऱ्याचं नाव गावभर व्हायचं. सुग्रीवचं काम मैदानाच्या मधोमध धावधाव धावायचं, चेंडू हिसकावायचा आणि पुढं लिंबाजीच्या पायात द्यायचा. लिंबाजी जिनात हमाल होता, गच्च भरलेली पोती पाठीवर घेऊन हसत चालणारा गडी. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतरची चार-पाच वर्षं दोघं अनवाणी खेळले.

तिशी उलटल्यावर सुग्रीवला दम लागू लागला. मग त्यानं संघ शिकवायला घेतला. पंचावन्न साली संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला, आणि आठ दिवस आधी सरावात लिंबाजीचा गुडघा मुरगळला.

सुग्रीव त्याला परभणीला घेऊन गेला. आत पट्टी बांधणं चालू असताना डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पंधरा दिवस पळू देऊ नका. नाहीतर गुडघा कायमचा जाईल."

परतीच्या मोटारीत लिंबाजीनं विचारलं, "काय म्हनले डाक्टर?"

"किरकोळ हाय म्हनले," सुग्रीव खिडकीबाहेर बघत बोलला.

लिंबाजी खेळला. गोलही त्यानंच केला. सामना संपत आला असताना, कुणाचा धक्काही न लागता तो जागच्या जागी कोसळला. हमाली सुटली. जिनाच्या फाटकावर राखणीला बसायची वेळ आली. संघ जिंकला म्हणून सुग्रीवला मात्र लोकांनी हार घातले.

सुग्रीव त्या फाटकाला वळसा घालून जाऊ लागला. लिंबाजीच्या घरी ज्वारी धाडायचा, तर तो म्हणायचा, "तुझ्यासारका दोस्त न्हाई रं." मग सुग्रीवला दोन दिवस घास गोड लागायचा नाही.

एकोणसाठ साली सरावात एक नवा खेळाडू लंगडायला लागला, आणि सुग्रीवच्या तोंडून आपसूक निघालं, "किरकोळ हाय." स्वतःचाच आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. सराव तिथंच थांबवून तो लिंबाजीच्या घरी गेला.

"डाक्टरनं पंधरा दिवस खेळू नगं म्हनलं होतं. मी तुला सांगितलं न्हाई. जिंकायचं होतं मला."

लिंबाजीनं ताठरलेला पाय हातानं उचलून सरळ केला. यानं उठून मारलं असतं तर बरं झालं असतं, असं सुग्रीवला वाटलं.

"सामन्याच्या सकाळी कोकिळानं गुडघा चोळला होता," शेवटी लिंबाजी म्हणाला. "तिनंच शीर सरकवली म्हून चार वर्सं तिला घालून-पाडून बोलायलोय. तिच्या माहेरच्यांपुढंसुदिक."

हे सुग्रीवला ठाऊकच नव्हतं. लिंबाजीची बायको कोकिळा ज्वारी पाखडायचं सूप हातात घेऊन दारात उभी होती.

"मलाबी तसंच वाटायचं," ती म्हणाली. "तवापासून कुनाचं डोकं दाबायला हात पुढं हुईना माजा."

"वैनी, माफ करा मला."

"हितं नगं. सोनपेठला चला अन् माज्या मायपुढं, भावापुढं सांगा. बोलनी मी तितं खाल्ली."

सुग्रीव तिच्यासोबत गेला. कोकिळाची आई दगडाबाई आणि भाऊ वैजीनाथ यांच्यासमोर त्यानं सगळं कबूल केलं. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. दगडाबाईनं लेकीला जवळ ओढून घेतलं, तेवढंच.

संघ सुग्रीवकडंच राहिला. लिंबाजी सहा महिन्यांनी त्याच्याशी बोलला, हवापाण्याचं, पिकाचं. पण दोस्त म्हणणं त्यानं सोडलं ते सोडलंच.