जांभळा गव्हर्नर

नोलीन बॅगशॉच्या खुर्चीत एकदा बसलं की आपलं डोकं आपलं राहत नाही, हे वुरिंडा गावात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. तुम्ही सांगता ते ती मान डोलावून ऐकते आणि मग तिला हवं तेच करते. गावातल्या निम्म्या बायकांच्या केसांचा रंग तिने ठरवलेला आहे. उरलेल्या निम्म्यांचाही तिनेच ठरवलेला आहे, त्यांना तो अजून पटलेला नाही एवढंच. तिचा नवरा कॉलिन या स्वभावाला कंटाळून किनाऱ्याकडे निघून गेला असं लोक म्हणतात. नोलीन म्हणते, "टकलाच होता, माझ्या काय कामाचा?"

अशा बाईच्या दारात क्लॉड टिंडलने एका मंगळवारी हातगाडी आणून उभी केली. गाडीत वळूची अख्खी कवटी होती, शिंगांसकट, आणि रंगाने उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखी.

"पांढरी करून दे," क्लॉड म्हणाला.

"क्लॉड, हे बायकांचं पार्लर आहे."

"मग? त्यांच्या डोक्याला लावतेस तेच याच्या डोक्याला लाव. हा निदान बडबड तरी करणार नाही."

कवटी गव्हर्नरची होती. क्लॉडचा हा वळू हयात असताना गावातल्या कुणाला आवडला नव्हता, आणि क्लॉडला तर मुळीच नाही. मेला तेव्हा मुंग्यांनी त्याची कवटी साफ चाटूनपुसून ठेवली. मग ती गळक्या टाकीखालच्या डबक्यात पडून राहिली आणि डबक्यात कुजणाऱ्या निलगिरीच्या पानांनी तिला पार कातडं कमावल्यासारखं रंगवून टाकलं.

आणि आता ती पांढरी व्हायला हवी होती, कारण डेसच्या पबची भिंत. त्या भिंतीवर परिसरातल्या प्रत्येक जुन्या घराण्याची एक कवटी आहे: कुणाचा मेंढा, कुणाचा घोडा, एका घराण्याचा तर उंट. कवटी पांढरी हवी हा नियम, आणि खाली रंगाने घराण्याचं नाव. टिंडलांची जागा वर्षानुवर्षं रिकामी होती, कारण क्लॉडचं नेहमी आज लावू, उद्या लावू. आता उद्या उरला नव्हता. कुरणं एका कंपनीने घेतली होती, क्लॉडने ऐंशी ओलांडली होती, आणि रविवारी त्याची मुलगी जनीन त्याला टाउन्सविलच्या वृद्धाश्रमात न्यायला येणार होती.

"फाटकावरची आपली पाटी काढली त्यांनी," तो म्हणाला. "आता तिथे नुसता नंबर आहे. भिंतीवर तरी काहीतरी राहू दे." हे सांगताना तो नोलीनकडे बघत नव्हता. वळूच्या डोळ्याच्या खोबणीत बोट घालून तिथली माती उकरत होता.

नोलीनला गलबलून आलं. गलबलून आलं की ती ओरडते. "एवढी वर्षं काय झोपला होतास? आणि पाय पूस आधी, फरशी आत्ताच पुसलीय!"

क्लॉडची स्वतःची कल्पना अशी होती की डेस पबच्या संडासात ओततो ते ब्लीच आणावं आणि कवटी त्यात बुडवावी. नोलीनने त्याला दाराबाहेर काढलं. ब्लीचने हाड भुसभुशीत होतं, पुढच्या वर्षी भिंतीवरून पीठ गळायला लागेल, एवढं तिला कळत होतं. तिने आधी कवटी भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजत घातली, म्हणजे आतली चरबी सुटेल. चरबी सुटलीही. पार्लरभर असा वास सुटला की एका बाईने केस अर्धवट ओले ठेवून घर गाठलं.

मग तिने केसांचं सगळ्यात कडक पेरॉक्साइड क्रीम काढलं आणि ब्रशने कवटीवर जाड थर दिला. शिंगांना ते लागायला नको म्हणून दोन्हींवर आंघोळीच्या टोप्या चढवल्या, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला, गळ्याच्या जागी गिऱ्हाइकांचा अंगरखा बांधला आणि खिडकीतल्या उन्हातल्या खुर्चीत गव्हर्नरला बसवलं. सवयीने त्याच्यासमोर मासिकही ठेवलं.

शेजारच्या खुर्चीत ग्लेनिस होती. पोस्टात आयुष्य घालवलेली आणि चष्म्याशिवाय ठार आंधळी. तिने गव्हर्नरला आपल्या गुडघ्यांची, जावयाची आणि चर्चमधल्या पेटीवाल्या बाईची सगळी हकीकत सांगितली. जाताना नोलीनच्या कानाशी लागून म्हणाली, "नवीन आलेली शिक्षिका ना गं ही? फार गुणी आहे. मध्ये एक शब्द बोलत नाही."

शुक्रवारपर्यंत चहाचा रंग गेला, पण हाडाला पिवळट झाक राहिली. आता कुठल्याही शहाण्या माणसाने ती कवटी पुन्हा साबणात घातली असती. पण नोलीनचे हात तीस वर्षं केसांत घातलेले. पांढऱ्या केसांत पिवळं दिसलं की जांभळं टोनर लावायचं, पिवळं मरतं, हे तिच्या हाडामांसात भिनलेलं. तिने टोनर लावलं, थोडा वेळ ठेवलं, धुतलं. ओली कवटी अशी पांढरीशुभ्र दिसत होती की ती स्वतःशीच हसली.

पण केस टोनर सोडतात, हाड पितं. शनिवारी सकाळी वाळलेला गव्हर्नर जांभळ्या लोकरीच्या रंगाचा झाला होता. नाकाडापासून शिंगांच्या मुळापर्यंत, कुठे सुटलं म्हणून नाही.

क्लॉड ठरल्या वेळी आला. सूट घालून, टाय बांधून.

"चूक माझी आहे," नोलीन म्हणाली. "मला अक्कल नाही."

क्लॉडने टोपी काढली, बराच वेळ बघितलं. "तसा पांढराच आहे," तो म्हणाला. "थोडा गारठल्यासारखा दिसतोय इतकंच." आणि हातगाडी ढकलत पबकडे निघाला.

त्या दिवशी गावाच्या घोड्यांच्या शर्यती होत्या. वर्षातून एकदाच वुरिंडाच्या बायका टोप्या घालून मिरवतात, आणि टोपी काढल्यावरही डोकं नीट दिसायला हवं म्हणून सकाळी नोलीनकडे रांग असते. तीन खुर्च्यांवर तिघी केसांना रंग आणि वर डोकंभर चंदेरी कागद लावून बसल्या होत्या. मधल्या खुर्चीत डेसची बायको मर्ना होती.

तेवढ्यात हातगाडी परत आली, गव्हर्नरसकट. क्लॉड आत आला. रिकाम्या स्टुलावर बसला आणि टायची गाठ सैल करायला लागला. ती सुटेना.

"डेस नाही म्हणाला?" नोलीनने विचारलं.

"नियम आहे म्हणाला. पांढरी म्हणजे पांढरी. त्याच्या बापाने केलेला नियम."

नोलीनने हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले. "ठीक आहे. मग आज इथे केस धुतले जाणार नाहीत."

"म्हणजे?" मर्नाने विचारलं.

"म्हणजे हा भिंतीवर चढेल तेव्हा तुमचे कागद निघतील."

"अगं वेडे, मला चुरचुरायला लागलंय!"

"चुरचुरणारच. अजून थोडं राहिलं की केस हातात येतील. मग टोपी चिकटवून घे डोक्याला."

मर्नाने नोलीनकडे बघितलं. नोलीन खोटं बोलत नाही, हाही गावाचा अनुभव आहे. पुढच्या क्षणी तिघी अंगरख्यांसकट रस्त्यावर होत्या, डोक्यावरचे कागद उन्हात चमकत होते, मर्ना स्वतः हातगाडी ढकलत होती, आणि मागून क्लॉड "हळू, हळू, दात पडतील त्याचे" म्हणत धावत होता. त्याच्याही मागे नोलीन होती.

शर्यतीच्या गर्दीने पब भरलेला होता. बायका आत शिरल्या तसे लोक बाजूला होऊन वाट द्यायला लागले.

"डेस!" मर्ना गरजली. "शिडी आण!"

"मर्ना, नियम असा आहे..."

"नियम का केला तुझ्या बापाने? सांग सगळ्यांना!"

डेस चाचरला. "कुणीतरी घोड्याचं नीट साफ न केलेलं डोकं आणून टांगलं होतं. अळ्या बिअरमध्ये पडल्या."

"मग घे वास! घे ना! नाक खुपस!"

भर पबमध्ये डेसने वळूच्या जांभळ्या नाकाला नाक लावलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. "तुझ्या उशीसारखा वास येतोय," तो म्हणाला.

"मग आणखी काय पाहिजे तुला? डोकं जळतंय माझं, मुडद्या!"

एक म्हातारा म्हणाला की नियम शब्दशः पाळायचा असतो. दुसरा म्हणाला, उंटाची कवटी तरी कुठे पांढरी आहे, धुराने तपकिरी झालीय. तिसऱ्याने मत मांडलं की जांभळा हा पांढऱ्याचाच लांबचा चुलतभाऊ. एवढ्यात मर्नाच्या कपाळावरून रंगाचा ओघळ डोळ्याकडे निघाला आणि डेस शिडी आणायला पळाला.

कवटी खिळ्यावर बसली तशी नोलीनने तिघींना हाकत परत नेलं आणि धुवायला घेतलं. मर्नाचे केस वाचले. ठरल्यापेक्षा जरा जास्तच उजळले, पण नोलीनने सांगितलं की असंच करायचं होतं.

हात पुसत ती पबमध्ये परतली तेव्हा गव्हर्नरखाली ओल्या रंगात टिंडल हे नाव आलं होतं, आणि शर्यतीला आलेला एक परगावचा माणूस ग्लास हातात धरून वर बघत होता. इतर कवट्यांवरून त्याची नजर नुसती घसरत गेली होती. या एकीवर अडली.

"हा जांभळा कोणाचा?" त्याने विचारलं.

झालं. सगळे एकदम सुटले. क्लॉड टिंडलचा, कोणाचा! या वळूने क्लॉडची गाडी उलटी केली होती, क्लॉड आत असताना! अरे ते काहीच नाही, मोठ्या पुरात क्लॉड याची शेपटी धरून नदी पोहून आला होता! शेपटी नाही, शिंग! टिंडल म्हणजे असा माणूस की...

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो कोपऱ्यात बिअरचा छोटा ग्लास घेऊन उभा होता. परगावच्या माणसाने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. नोलीन त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"कसला पूर," क्लॉड पुटपुटला. "दुष्काळ होता त्या वर्षी. नदीत घोटा बुडेल एवढं पाणी नव्हतं."

"मग सांग ना त्यांना. तू इथेच तर आहेस."

"गप गं," क्लॉड म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो कान देऊन ऐकत होता. "उद्यापासून तिकडे मला हे ऐकू यायचं नाही."