आमराईचा ठराव

सिद्धेश्वरआप्पांचं बीडमध्ये किराणा दुकान होतं आणि एके काळी ते नगरसेवकही होते. तेव्हा पाली रस्त्यालगतची आमराई शहराच्या आराखड्यात बागेसाठी आणि गरिबांच्या घरांसाठी राखलेली होती. ते आरक्षण उठवून तिथं बंगल्यांचे प्लॉट पाडायचा ठराव सभेत आला. शेजारीच आप्पांची जागा होती. त्यांनी हात वर केला आणि महिन्याभरात झाडं आडवी झाली.

यंदा वैशाखात त्यांच्या दुकानात धान्य निवडणाऱ्या तुळजाबाई उन्हानं चक्कर येऊन पडल्या. आप्पा शहाळं घेऊन त्यांच्या घरी गेले. गच्चीवरची पत्र्याची खोली नुसती भाजत होती.

"दुसरीकडं खोली बघा की," आप्पा म्हणाले.

"कुटं बघू? भाडी लई वाढली. आमराईत घर मिळंल म्हणून अर्ज केलता मी. तितं सावली तरी होती. कुनी घालवलं, देव जाणे."

आप्पांना गप्प बसता आलं असतं. पण त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हात वर करणाऱ्यात मीबी होतो."

तुळजाबाई उठून बसल्या. "कावून, आप्पा?"

"माझ्या जागेचा भाव वाढंल म्हणून."

बऱ्या झाल्यावर तुळजाबाईंनी दुसऱ्या दुकानात काम धरलं.

पुढं ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेवर प्लॉट पाडायची नोटीस लागली, तेव्हा आप्पा हरकतीचा अर्ज घेऊन पालिकेत गेले. बाबूनं तो घेतला आणि म्हणाला, "आप्पा, तुमचा एकट्याचाच हाय."