हनुवटीवरचे तीन ठिपके

कळंबच्या शिवकांताच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. पाचव्या वर्षी आईनं मांडीत दाबून टोचून घेतलेले. पुढं पंधरा वर्षं तिला त्यांची आठवणही नव्हती. मग एकसष्ट साली गावात तंबूतली सिनेमाची टॉकीज आली, भिंतीभिंतीवर नट्यांची तोंडं चिकटली, मासिकातल्या साबणाच्या जाहिराती हातोहात फिरल्या, आणि त्या गुळगुळीत हनुवट्या हिच्या डोळ्यांत सलायला लागल्या.

त्यातच लातूरच्या स्थळानं फोटो मागवला. बाप बंडप्पा तिला चाँदपाशाच्या स्टुडिओत घेऊन गेला. चाँदपाशाचा हात नामी. निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिल फिरवून त्यानं ठिपके साफ उडवले. कुणी सांगितलं होतं त्याला? कुणीच न्हाय. फोटो पसंत पडला. सोमवारी बघायला येतो, असा निरोप आला.

झालं, शिवकांताचा जीव थाऱ्यावर राहीना. चुलीपाशी पितळी ताटात, आडावर घागरीत, जिथं तिथं हनुवटी बघायची. आता फोटोसारखं दिसायचं कसं? शेजारच्या हरणाबाईनं सांगितलं, बिब्ब्याचं तेल टोचलं की गोंदण उडतं. टाच फुटली, काटा मोडला, की घरोघर बिब्बाच लावतात. मग हनुवटीलाच काय होतंय? गुरुवारी तिनं सुई तापवून टोचलं. बिब्बा उतला. सोमवारी तोंड टम्म सुजलेलं, हनुवटीवर फोड.

लातूरहून आलेली मुलाची आई फोटो हातात धरून तिच्याकडं बघत राहिली. "ही कुठाय?" एवढंच बोलली. चहा निवून गेला, मंडळी उठली.

महिन्यानं फोड बसले. ठिपके होते तिथंच, वर एक डाग वाढलेला. शिवकांता स्टुडिओवरून निघाली, तर दर्शनी काचेत तिचाच फोटो टांगलेला. समोर दोन पोरी. त्यातली एक अंगठ्यानं आपल्या हनुवटीवरलं गोंदण झाकून काचेत बघत होती.

शिवकांता तरातरा आत शिरली.

"चाचा, तो फोटो उतरवा."

"बेटी, दुकानाची शान हाय ती."

"ती म्या न्हाय. मला बसवा, आन हाय तसा काढा. पेन्सिल खिशात ऱ्हाऊ द्या."

"डाग दिसंल की गं."

"दिसू द्या."

चाँदपाशानं स्टूल पुढं सरकवलं. पण काच उघडून त्यानं तो फोटो खाली उतरवीपर्यंत ती काय बसली न्हाय.