मामेसासरे, मिठाचे खडे आणि सक्तीचं नागरिकशास्त्र

जगात जे जे म्हणून बिघडलेलं आहे, ते केवळ शाळेत नागरिकशास्त्र सक्तीचं नसल्यामुळे बिघडलेलं आहे, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी जन्मात पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. विहिरीवर बायकांची जुंपली, की कारण नागरिकशास्त्र. कुणाचा बैल दुसऱ्याच्या भातात शिरला, तरी नागरिकशास्त्र. म्हणजे बैलाला नव्हे, मालकाला शिकवलेलं नव्हतं म्हणून. युरोपात लढाई पेटल्याची बातमी भाईंदर स्टेशनावरून चालत चालत आमच्या मुर्ध्यात पोचली तेव्हा मामा जेवायला बसले होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला आणि म्हणाले, "तिकडच्या पोरांना पहिलीपासून हा विषय असता, तर ही पाळी आली नसती." मामींनी आमटीची पळी तशीच धरून थोडा वेळ वाट पाहिली, आणि लढाई लवकर थांबण्याचं चिन्ह दिसेना तेव्हा आमटी वाढून टाकली.

त्यांचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. मामेसासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, असा आमच्याकडचा शिरस्ता. तोंडातून काढायचं नाही म्हणजे लेखणीतून चालेल का, हा प्रश्न मामांनाच विचारायला हवा होता. त्यांनी त्यावर तासभर सांगितलं असतं. माझ्या यजमानांचे आईवडील लवकर गेले, मामामामींनी त्यांना वाढवलं, म्हणून लग्न होऊन मी आले ती थेट यांच्याच घरात. मामा गावच्या शाळेत मास्तर. शाळा म्हणजे देवळाची पडवी, वर्ग चौथीपर्यंत. पण मामांची योजना तेवढ्यावर थांबणारी नव्हती. लहान मुलांना काय शिकवायचं, मधल्या इयत्तांना काय, हायस्कुलात मॅट्रिकपर्यंत काय, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं ठरलेलं होतं. आमच्या पंचक्रोशीत हायस्कूल बांधलेलंच नव्हतं ही अडचण त्यांना किरकोळ वाटे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसणाऱ्याला ते हा अभ्यासक्रम ऐकवीत, आणि पुढेपुढे त्यांच्या शेजारचा पाट आपोआप रिकामा राहू लागला.

त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे ते पोरांना अहोजाहो करीत. पहिलीतलं शेंबडं पोर, अंगात सदरा असला तर चड्डी नाही अशा अवस्थेतलं, त्याच्यापुढे मामा किंचित वाकून म्हणत, "अहो, आपण आधी नाक पुसून घ्या, मग आपलं म्हणणं मांडा." पोरं आधी मागे वळून बघत, की हे कोणाला बोलतायत. मग हळूहळू त्यांना सवय झाली आणि गावातल्या आयांची पंचाईत. घरी कान पिरगाळला की पोर म्हणायचं, मास्तर मना, म्हणजे मला, आपण म्हंतान. मला पहिल्यांदा हे सगळं वेडगळ वाटलं, खोटं का बोलू. पण रस्त्यानं जाताना चार वर्षांचं पोर मामांपुढे ताठ उभं राहून आपलं गाऱ्हाणं सांगताना पाहिलं, आणि मी डोक्यावरचा हंडा धरून तिथेच थबकले. त्या वयात आमच्याकडची मुलं मोठ्या माणसाला बघून दाराआड पळत. एवढं सगळं असून मामींना मात्र ते "अगं ए" म्हणत. मामींना सगळा गाव मास्तरीण म्हणे, आम्ही मामी म्हणत असू, आणि मामा "अगं ए". यात काही खटकण्यासारखं आहे असं तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही. मामांच्याही नाही, मामींच्या तर नाहीच.

हजेरीच्या वेळी पोरांनी "हजर" म्हटलेलं त्यांना खपत नसे. हजर साहेबापुढे व्हायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. आपलं नाव पुकारलं की माणसानं सांगायचं, मी आहे. पोरांच्या तोंडात त्याचं झालं "मी हाय". सकाळी देवळावरून जाताना ते ऐकू यायचं. मास्तर नाव घेतायत, आणि पडवीतून एकेक बारीक, कोवळा आवाज ठासून सांगतोय, मी हाय, मी हाय. पुजारी आत पूजा करताना थांबून ऐकायचे.

आणि ती मिठाची निवडणूक. मामांच्या डोक्यात आलं की वर्गाचा प्रमुख मास्तरानं नेमायचा नाही, वर्गानं निवडायचा. उभे राहिले दोघे, दोघांच्या नावाची दोन मडकी ठेवली. मत टाकायला काय वापरायचं? आमच्या मुर्ध्यात त्या काळी कोणती वस्तू दारोदार पडलेली असे, तर मीठ. मामांनी प्रत्येक पोराच्या हातावर मिठाचा एकेक खडा ठेवला आणि एकेकाला देवळामागे पाठवून गुप्त मतदान पार पाडलं. इथवर सगळं झकास. पण मोजणी पाच पंचांसमक्षच व्हायला हवी, म्हणून मडकी झाकून दुसऱ्या दिवसावर टाकली. दिवस श्रावणाचे, मडकी नुकती धुतलेली. सकाळी गावचे पंच पागोटी घालून आले, झाकण काढलं, आणि दोन्ही मडक्यांच्या तळाशी पाणी. सगळी मतं विरघळून गेलेली. ज्या गावाचा जन्म मिठागरात गेला, जिथे प्रत्येक घर श्रावणात मीठ चुलीच्या उबेला ठेवतं, त्या गावातल्या एकाही शहाण्याला, अगदी पंचांनाही, आदल्या दिवशी हे सुचलं नव्हतं. एका म्हाताऱ्या पंचानं तोडगा काढला, की बोट बुडवून चाखू या, ज्याचं पाणी जास्त खारट तो निवडून आला. त्यांनी बोट पुढे केलंही. मामांनी दोन्ही मडकी पोटाशी धरली आणि म्हणाले, "लोकांचं मत असं चाखायचं नसतं, काका." पाणी ओतून दिलं, चिंचोके आणले, आणि सगळं मतदान पहिल्यापासून पुन्हा घेतलं. हसूनहसून आमची पोटं दुखली. पण त्या दिवशी एकाही पोरानं कुरकुर केली नाही. आपला चिंचोका घट्ट मुठीत धरून सगळी पुन्हा रांगेत उभी राहिली.

हा विषय पोरांच्या डोक्यात खरंच उतरतो का, याची मला शंका होती. ती एका अमावास्येच्या उधाणाला फिटली. खाडीचं पाणी चढलं, बांधाला भगदाड पडलं आणि खारं पाणी भातात शिरू लागलं. बांधाचा प्रत्येक तुकडा कोणत्या ना कोणत्या घराकडे असायचा, आणि फुटलेला तुकडा नेमका दोन घरांच्या सीमेवर. दोन्ही घरचे कर्ते पुरुष काठावर उभे राहून तो तुझा, तो तुझा, करत होते, आणि पाणी दोघांचंही ऐकत नव्हतं. तेवढ्यात मामांच्या हाताखालून गेलेले पोरगे, आता मिसरूड फुटलेले, टोपल्या नि फावडी घेऊन चहूकडून आले. त्यांची शेतं भलत्याच बाजूला होती. बोलावलं कुणीच नव्हतं. सगळे चिखल टाकत राहिले, आणि भांडणारे दोघे शेवटी लाजून त्यांच्यात उतरले. मामा बांधावर छत्री घेऊन उभे होते. त्यांनी एक शब्दही काढला नाही, आणि ते गप्प बसलेले मी तेव्हा प्रथमच पाहिले. ज्या माणसाला मी हसत होते त्यानं हे एवढं उभं केलं होतं.

पुढे बेचाळीसच्या आगेमागे दिवस फिरले. शाळा तपासणारे साहेब, ज्यांना गाव दिपोटी म्हणे, तपासणीला आले. हजेरी सुरू झाली आणि "मी हाय, मी हाय" ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी एका पोराला विचारलं, हा समोरचा रस्ता कोणाचा? पोर म्हणालं, "आपला." साहेब म्हणाले, सरकारचा. पोरानं शांतपणे विचारलं, मग आपण कोणाचे? पुढे काय झालं ते सांगायला नको. हा विषय अभ्यासक्रमात नाही, शाळेत पुन्हा शिकवलात तर घरी बसाल, अशी ताकीद मिळाली. आम्हाला वाटलं मामा खचणार. घरी येऊन ते ओसरीवर बसले आणि म्हणाले, "शाळेत नको म्हणाले. बांधावर नको, असं काही म्हणाले न्हाईत." आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की सगळी वरात बांधावर. एक पोरही चुकत नसे. सक्ती नसताना सक्तीचा झालेला तेवढा एकच तास मी पाहिला.

स्वराज्य आलं. मामांना वाटलं आता आपला विषय गावोगाव लागणार. ठाण्याच्या कचेरीत जाऊन ते सांगून आले, तिथल्या माणसांनी बघू म्हणून वाटेला लावलं. त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही, कारण तेवढ्यात त्याहून मोठी गोष्ट कानावर आली होती. मतदारांच्या याद्या होणार होत्या, आणि त्यात गरीब, श्रीमंत, बाई, बुवा, सगळे. मामा त्या दिवसांत जमिनीवरून चालत नव्हते. पण नाव लिहिणारा कारकून मुर्ध्यात आला आणि घोळ सुरू झाला. पुरुष घरी नसले की बाया दाराआडून सांगत, लिवा, अमक्याची बायको. स्वतःचं नाव परक्या पुरुषाला कसं सांगायचं, आणि त्यापुढे नवऱ्याचं नाव लावायचं तर ते तोंडानं घ्यायचं कसं? कारकून बिचारा सरळ होता. तो म्हणाला, मास्तर, वरून हुकूम आहे, बाईनं नाव दिलं नाही तर ती यादीतून गळणार. मामा दारोदार हिंडले, बायांना हात जोडले. काहींनी नावं दिली, पुष्कळ जणींनी पदर तोंडावर ओढला. आणि मग कारकून आमच्या ओसरीवर आला.

मामी सुकट निवडत होत्या. कारकुनानं मामांचं नाव लिहिलं, माझ्या यजमानांचं लिहिलं, माझं मी चाचरत सांगितलं. मग त्यानं मामींकडे पाहिलं. मामींनी मान खाली घातली. तो मामांना म्हणाला, तुम्हीच सांगून टाका. मामा म्हणाले, "मी सांगणार न्हाय. ज्याचं मत, त्यानं नाव सांगायचं." मामींनी माझ्याकडे पाहिलं, की तू सांग. आणि मला कळलं की या घरात इतकी वर्षं राहून मला मामींचं नाव माहीत नाही. कुणी त्या नावानं हाक मारलेली मी ऐकलीच नव्हती. कारकून कंटाळला. लिहितो मास्तरांची बायको, म्हणाला, आणि त्यानं टाक दौतीत बुडवला.

मामांचा चेहरा उतरला. सगळ्या गावाला शिकवलं आणि आपल्याच चुलीपाशी हा विषय कधी काढला नाही, हे त्यांना त्या क्षणी उमजलं असावं. ते उठले, मामींच्या समोर गेले आणि पहिलीतल्या पोरापुढे वाकत तसे किंचित वाकले.

"अहो," ते म्हणाले, "आपण सांगा."

मामींनी वर पाहिलं. त्यांच्या उभ्या संसारात मामांनी त्यांना कधी अहो म्हटलेलं नव्हतं. त्यांनी हात झटकले, पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि कारकुनाला म्हणाल्या, "चांगुणा. चांगुणा लिवा." मालकाचं नाव? आधीच लिहून घेतलेलं असूनही त्यानं नियमाप्रमाणे विचारलं. आता आली का पंचाईत. पण आमच्या बायकांना नवऱ्याचं नाव घ्यायची एक वाट परंपरेनंच मोकळी ठेवलेली आहे, आणि मामींनी ती धरली. लग्नात घ्यावा तसा, सुकटीची टोपली बाजूला सारून, त्यांनी त्या सरकारी माणसापुढे उखाणा घेतला:

"मुर्ध्याच्या आगरात पिकतं मीठ,
...रावांचं नाव घेतंय, लिवून घ्या नीट."

गाळलेल्या जागी काय ते वाचकांनी समजून घ्यावं. कारकून आधी हसला, मग त्यानं ते नीट लिहून घेतलं. मामा तोंड फिरवून खांबाला धरून उभे होते. दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली, आणि संध्याकाळी दाराआडच्या बाया उखाणे जुळवत कारकुनाला शोधत आल्या. तो बिचारा भाईंदरची वाट धरून निघाला होता, त्याला बांधावरून परत बोलावून आणलं.

मत द्यायचा दिवस उजाडेपर्यंत मामा राहिले नाहीत. थंडीतापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. त्यांचा विषय पुढे शाळांत आला, पुस्तकं निघाली, आणि माझी नातवंडं आता तो परीक्षेच्या आदल्या दिवशी जांभया देत पाठ करतात. त्यांना मी काही म्हणत नाही, पण मला वाईट वाटतं.

मतदानाला मी मामींना घेऊन गेले. केंद्र त्याच देवळाच्या पडवीत होतं. आम्ही रांगेत उभ्या राहिलो, मामी पुढे, मी मागे. त्यांनी सकाळपासून तोंडातून शब्द काढला नव्हता आणि मला धास्ती, की ऐनवेळी त्या मागे फिरतात की काय. आतल्या माणसानं यादीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं नाव पुकारलं, चांगुणा, आणि त्यापुढे मामांचं नाव. मामींनी मान वर केली, आणि जिथे मामा हजेरी घ्यायला बसत त्या कोपऱ्याकडे बघून, पोरं म्हणायची तसं ठासून म्हणाल्या,

"मी हाय."