पाटातला पहिला फावडा

केशोरीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेलं आमचं गाव. गावचा तलाव सुमित्राबाईच्या सासरच्यांनी बांधलेला, पाच पिढ्यांपूर्वी. तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीची माणसं ती; जमिनीचा उतार पायानं ओळखणारी. त्या घराला तलावाचा एक मान आहे. धानाच्या रोवणीसाठी पाणी सोडायचं तर आधी घरच्या थोरल्यानं तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, नारळ फोडायचा, पाटात पहिला फावडा मारायचा. त्याआधी पाटाच्या मातीला कोणी हात लावत नाही. कागदावर हे कुठं नाही. पण आमच्या गावात तलाव आधी आला, कागद नंतर.

आज हा मान बकारामचा. सुमित्राबाई त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. पाटाच्या शेवटाला तिचे दोन एकर धान; पाणी द्यायला सुरुवात शेवटाकडूनच होई. बकाराम तिचा भासरा, आणि भासऱ्याशी बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. सव्वीस वर्षं तिचं सगळं बोलणं जाऊ चंद्रकांताच्या तोंडून गेलं.

दोन वर्षांपूर्वी तिला टायफॉइड झाला, तेव्हा गोंदियाच्या दवाखान्यात गावातलीच पुष्पांजली तिच्या उशाशी बसली. नात्याची ना गोत्याची, पण चमच्यानं पेज भरवली. पुष्पांजली आणि तिचा नवरा उमराव बायबल वाचणारे. बरी झाल्यावर सुमित्राबाई दर गुरुवारी दुपारी त्यांच्या पडवीत जाऊ लागली. पाच माणसं बसत. उमराव चार ओळी वाची आणि विचारी, "बाई, यातून तुले काय समजलं?"

जन्मात तिला असं कोणी विचारलं नव्हतं.

घरचे देव तिनं हलवले नव्हते. त्यांनी तसं म्हटलंही नव्हतं. पण आपण अर्ध्या इकडच्या, अर्ध्या तिकडच्या, हे तिला टोचत राही.

यंदा रोवणीच्या तोंडावर पाऊस उघडला. उमराव म्हणाला, "नुसतं वाचून राहिलो आपण. गावासाठी काही करू. पाट गवतानं बुजला, साफ करू." मग तिच्याकडे वळला. "तू त्या घरची. कोणाले विचारा लागते का?"

तिला माहीत होतं. नारळाचं नाव जिभेवर आलंही होतं. पण वाटलं, ही माणसं म्हणतील, दोन वर्षं बसते अन् अजून हिच्या डोक्यात नारळच.

"नाई लागत," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी पाचही जण पाटात उतरले. ऊन डोक्यावर येईपर्यंत शंभर पावलं पाट लख्ख झाला. मान वर केली तर पाळीवर सारं गाव उभं होतं.

"पहिला फावडा कोणं मारला?" बकारामनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्याचीच भीती वाटली.

"माणसं बदलवून झाली, आता तलाव बदलवून राहिले!" मागून गावातला शालीकराम ओरडला. त्यानं मोबाईल समोर धरला होता. "ठाण्यात फोन लावा!"

"मी मारला, दादा," उमराव म्हणाला. "सेवा म्हणून."

"तुले कोणं सांगतलं, इथं चालते म्हणून?"

उमरावनं सुमित्राबाईकडे पाहिलंही नाही. "कोणीच नाई."

ती चिखलात उभी. तिचे पऱ्हे, रोवायची धानाची रोपं, अठ्ठावीस दिवसांचे झाले होते. आठवड्यात पाणी नाही मिळालं तर वर्ष गेलं. गप्प राहिली तर पाणी मिळेल. आणि उमराव-पुष्पांजलीला हे गाव सोडावं लागेल.

डोईवरचा पदर पुढं ओढून ती थेट बकारामसमोर गेली.

"खोटं बोलून राहिला तो. त्यानं विचारलं होतं मले. मीच म्हटली, नाई लागत. मले सारं मालूम होतं."



"अवं बाई, कोणाशी बोलून राहिली तू!" चंद्रकांतानं तोंडावर हात नेला.

"ज्याचा मान गेला, त्याच्याशी."

बकारामची नजर तिच्या पायांवर होती. "मालूम होतं, मंग काऊन नाई बोलली?"

"लाज वाटली. ह्या लोकाईसमोर नारळाचं नाव घ्यायची."

"अन् आता?"

"आता तुमच्यासमोर लाज वाटून राहिली."

त्यानं उपसलेल्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाला, "काढली तेवढी माती परत टाका. पाट होता तसा करा. मंग नारळ फुटन, अन् मी फावडा मारन."

"साफ झालेला पाट परत बुजवा? पागल झाला का दादा?" शालीकराम हसला.

"फोन खिशात ठेव, अन् घमेलं धर," बकाराम म्हणाला. "अन् हिचं पाणी सगळ्याईच्या मागून."

पाचही जणांनी काढलेली माती परत टाकली. शालीकरामनंही चार घमेली उचलली. नारळ फुटला, आणि तोच पाट त्याच दिवशी गावानं दुसऱ्यांदा साफ केला. ठाण्यात कोणी फोन लावला नाही.

सुमित्राबाईच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी आलं ते बाराव्या दिवशी. पऱ्हे जून होऊन पिवळे पडले होते. शेंडे छाटून लावावे लागले. पुष्पांजली आली, उमराव आला. दुपारी चंद्रकांताही लुगडं खोचून चिखलात उतरली, कोणाशी न बोलता. तरी वरच्या बांधीला पऱ्हे पुरले नाहीत. ती तशीच पडीत राहिली.

बांधावरून जाणारं कोणी विचारी, "काऊन वं, ही काऊन पडली?"

सुमित्राबाई सांगे, "मी बोलली नाई, म्हणून."