क्रियापद शेवटी येतं

माझ्या मुलीनं स्वतःहून पहिलं पूर्ण मराठी वाक्य उच्चारलं, तेव्हा तिला नोकरीला लागून काही वर्षं झाली होती आणि ती माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. त्याआधी ती मराठी बोलतच नव्हती, समजत मात्र तिला सगळं होतं. माझी आई होती तोवर नातीशी मराठीत बोलायची आणि नात तमिळमध्ये उत्तर द्यायची. दोघींचं त्यावाचून काही अडलं नाही. माझी बायको तमिळ, त्यामुळे घरात तमिळच चालायची. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून आमच्यासारखी, पिढ्यांपूर्वी इथे आलेली बरीच मराठी घरं आहेत. तिथली मुलं मराठी ऐकतात, हसतात, मान डोलावतात आणि तमिळ बोलतात.

मी इथल्याच एका कॉलेजात भाषाविज्ञान शिकवतो. दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला सांगतो की वाक्य म्हणजे शब्दांची रांग नव्हे. मुलं लिहून घेतात आणि खिडकीबाहेर बघतात.

मुलगी चेन्नैला नोकरी करत होती. तिथंच एका सांगलीच्या मुलाशी लग्न करायचं तिनं ठरवलं. दोघं आपसांत इंग्रजी बोलायची. मुलाचे आईवडील पोंगलनंतर आमच्या घरी येणार होते. वडिलांना इंग्रजी येत होतं, आईला फक्त मराठी. मी म्हटलं, काळजी नको, मी आहे ना मध्ये. त्यावर मुलगी तमिळमध्ये म्हणाली, "अप्पा, मध्ये कुणी नकोय. त्यांच्याशी मला स्वतः बोलायचंय. शब्द आहेत माझ्याकडे, वाक्य नाही."

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं माझा विषय असा मागितला नव्हता.

त्यानंतर ती सुटीला आली की आमची शिकवणी स्वयंपाकघरातच चालायची. पहिल्या दिवशी मी एक वाक्य दिलं : अम्मानं केलेली गरम कॉफी टेबलावर आहे. यातले कुठले शब्द एकत्र राहतात, असं विचारलं. ती गोंधळली. मग मी म्हटलं, काही शब्द काढ आणि त्यांच्या जागी नुसतं 'ती' ठेवून बघ. तिनं आधी 'केलेली गरम' काढलं. 'अम्मानं ती कॉफी टेबलावर आहे.' बायको कढईपाशी उभी होती, तिलासुद्धा हसू आलं. मग मुलीनं 'अम्मानं केलेली गरम कॉफी' एवढं सगळं उचललं. 'ती टेबलावर आहे.' वाक्य नीट उभं राहिलं. ती म्हणाली की हे केळ्यांसारखं आहे, एकेक केळं मोजायचं नाही, फणी उचलायची. मी तेव्हापासून वर्गातही फणीच म्हणतो.

मग मी तिला खरी सोपी गोष्ट सांगितली. तमिळ आणि मराठी, दोन्हींत फण्या बहुतेक एकाच क्रमानं लागतात आणि क्रियापद शेवटी येतं. नान नाळैक्कु कोविलुक्कु पोरेन. मी उद्या देवळात जाते. पहिल्या फणीच्या जागी पहिली, दुसरीच्या जागी दुसरी. सगळं वाक्य तुझ्या तोंडात आधीपासून आहे, फक्त माल बदल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवरून तिरुवैयारुला निघालो. दोन्हीकडे हिरवीगार भातशेती, वारा कानात. ती मागे पुटपुटत होती. मी काही विचारलं नाही. एकाएकी ती मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, पुढच्या वळणावर उसाचा रस विकणाऱ्या माणसाजवळ आपण थांबूया."

एका श्वासात, एकही चूक नाही. तिच्या आवाजात असं सबंध मराठी वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी ते वळण ओलांडून पुढे गेलो, मग भान आल्यावर स्कूटर वळवून मागे आणली. रस पिताना ती मला विचारत होती की रडतोयस का. मी म्हटलं, वारा लागला.

अडचण पुढे आली. तमिळमध्ये वस्तूंना लिंग नसतं. खुर्ची ती, पंखा तो आणि टेबल ते, हे कुणी ठरवलं, असं ती विचारायची. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' हे तर तिला अपमानाचंच वाटलं. खाणारी मी आणि क्रियापद मान देतं आंब्याला? मी सांगितलं की मराठीत काम झालेलं असलं की बऱ्याचदा असंच होतं. ती म्हणाली, मग तुम्ही लोक वर्तमानकाळातच राहा.

पाहुणे आले, मुलगाही बरोबर होता. मुलाच्या आई बोलक्या, मोकळ्या स्वभावाच्या. इडली त्यांना आवडली, कॉफी त्याहून. बायको त्यांच्याशी माझ्या आईकडून उचललेल्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलत होती. थोड्या वेळानं त्या माझ्या मुलीकडे वळल्या. म्हणाल्या, "दोघांनी ठरवलंय ते ठीकच आहे. पण आमचा मुलगा तुला आवडला का, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मी तोंड उघडणार होतो. मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसलो.

"मला," ती म्हणाली. मग थांबली. "ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा, मला रोज मराठीत हाक मारणारा, तुमचा मुलगा…"

फण्या एकामागून एक अगदी बरोबर लागल्या होत्या. उरलं होतं फक्त क्रियापद. आमच्या दोन्ही भाषांत निकाल शेवटीच लागतो, आणि मराठीत क्रियापद आलं तरी त्याच्या मागून 'नाही' येऊ शकतं. मुलाच्या वडिलांनी कॉफीचा पेला हातातच धरला. मुलाचे कान लाल झाले. मला दिसत होतं, ती काय शोधतेय. तमिळमध्ये 'पिडिच्चिरुक्कु' म्हटलं की झालं. मुलगा असो, साडी असो, घर असो, आवडण्याचं रूप एकच. इथे तिला आवडला, आवडली, आवडलं यांतून निवडायचं होतं.

"…खूप आवडली," ती म्हणाली.

तिला चूक कळली आणि तिनं डोळे मिटून घेतले. मुलाच्या आई उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या, तिचा हात हातात घेतला.

"दोन वाक्यं एकात घातलीस बघ तू," त्या म्हणाल्या. "मुलगा आवडला. आणि आम्ही सगळी माणसं आवडली. असंच म्हणायचं होतं ना?"

"हो," मुलगी म्हणाली. "मुलगा आवडला. माणसं आवडली."

मग आम्ही जे हसलो ते बराच वेळ. मुलाच्या वडिलांनी मला हळूच विचारलं की व्याकरणदृष्ट्या हे चालेल का. मी म्हटलं, माझ्याकडून पूर्ण मार्क.

लग्न तमिळ आवणी महिन्यात, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, तंजावुरातच झालं. त्यानंतर मी आणि बायको चेन्नैला मुलगी-जावयाच्या घरी राहून आलो. एका सकाळी मी बाल्कनीत पेपर वाचत बसलो होतो, आणि आतून भांडण ऐकू आलं. मुलगी नवऱ्याला झापत होती. "तू पाण्याची मोटार चालू ठेवलीस. टाकी भरून वाहिली. पाणी पार जिन्यात आलं, आणि जिना तू पुसलास का? मी पुसला."

मोटार ती, टाकी ती, पाणी ते, जिना तो. एकही चुकलं नव्हतं, आणि सगळं भूतकाळातलं. जावई पडत्या आवाजात तमिळमध्ये माफी मागत होता. त्याला क्रियापदं फारशी जमत नव्हती. बायकोनं मला खुणेनं विचारलं, जाऊन समजूत घालायची का. मी नकारार्थी मान हलवली, पेपर तोंडापुढे धरला आणि पुढचं वाक्य ऐकायला सरसावून बसलो.