हैबतरावांच्या निलंबनाचा फ्लेक्स

आमच्या मालकांचं नाव हैबतराव. नाव ठेवणाऱ्यानं काय बघून ठेवलं देव जाणे, कारण गोठ्यातली म्हैस जरा मोठ्यानं हंबरली तरी हा माणूस उभ्या जागी दचकतो. असल्या माणसाला लाच घेतल्याच्या संशयावरनं सरकारनं घरी बसवलं, तवा मला आधी हसूच आलं. मग रडू आलं, आन् मग जो राग आला तो सात वर्षं उतरला न्हाई.

झालं असं की हे पुण्यात एका सरकारी कचेरीत कारकून व्हते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पैसे घेताना धरलं, आन् नोटा घावल्या ह्येंच्या ड्रॉवरात. हे तवा डबा खायला गेलेले. तरी बी ह्येंचं निलंबन झालं. ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत’ असं कागदावर लिहिलेलं. मला वाटलं, दोन महिने लागतील. आमी मुळशीतल्या भरे गावचे, थोडं भाताचं रान हाय, निम्म्या पगारावर निभावून नेऊ. कसलं काय! लेक ज्ञानदा तवा आठवीत, ती पदवी घेऊन मोकळी झाली, आन् चौकशीला अजून मुहूर्त सापडंना.

निलंबित माणसाला नियम बी लई असतात. दर सोमवारी पौडला जाऊन सही करायची. बाहेरगावी जायचं तर परवानगी घ्यायची. आन् दर महिन्याला लिहून द्यायचं, की मी दुसरं कुटलंच काम करत न्हाई. मी म्हणलं, हे सरकारनं बायकोला इचारायचं, मी डोळे झाकून अंगठा दिला असता.

पण खरं सांगते, बसून राहायचं त्येंच्या रक्तात न्हाई. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, पेन खिशाला लावून पडवीत बसायचे, जसं काय आता साहेब राऊंडला येणार हायेत. मग कुणी वारसनोंदीचा अर्ज लिहून घ्यायला येतंय, कुणी दाखल्याचा. हळूहळू सगळं गाव यायला लागलं. लाचेच्या संशयावरनं घरी बसलेल्या माणसाकडं लोक का यायचे, तर अख्ख्या पंचक्रोशीत अर्ज लिहायचे पैसे न घेणारा हा एकटाच.

औंदा मे अखेरीला ह्येंचं रिटायर व्हायचं वय होत व्हतं. सरकारी कचेरीत शिपायाला बी निरोप समारंभ होतो. शाल, नारळ, दोन गोड भाषणं, बटाटावडा. निलंबित माणसाला मात्र त्यातलं काय बी न्हाई, तारीख आली की नाव कमी. एक दिवस भाकरी मोडता मोडता म्हणले, “जया, एक दिवस का हुईना, खुर्चीत बसून रिटायर व्हायचंय.” अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मागितलेली ही पहिली गोष्ट. मला गलबलून आलं.

अर्ज गेले, आठवणपत्रं गेली, उत्तर एकाचं न्हाई. एप्रिल संपत आला तसं माझं डोकं सणकलं. आमच्या मुळशीत पोराला पहिला दात आला तरी चौकात फ्लेक्स लागतो. मग ह्येंनीच काय घोडं मारलंय? तडक पिरंगुटला फ्लेक्सवाल्या साहिलकडं गेले आन् मजकूर सांगितला: ‘निलंबनाची सात वर्षे यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल श्री. हैबतराव यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ. फोटो तेवढा आधारकार्डावरचा दिला.

साहिलकडं वाढदिवसाच्या फ्लेक्सचं एक तयार धड असतं. पांढरी कडक खादी, काळा गॉगल हातात, आन् गळ्यात बैलाच्या कासऱ्याएवढी सोन्याची चेन. त्यानं त्याच धडावर ह्येंचं मुंडकं बसवलं आन् सोमवारी सकाळी पौडच्या एसटी स्टँडजवळ टांगून बी टाकलं.

हे सहीला गेले ते घामाघूम होऊन माघारी. मला म्हणले, अगं, लाचेची चौकशी चालू हाय आन् तू मला चेन घातलीस? मला कळलंच न्हाई आधी. कळलं तवा मी जी हसत सुटले, ती जात्याजवळ खालीच बसले. दुपारपर्यंत फ्लेक्स सगळ्यांच्या मोबाईलवर. माहेराहून, सूस गावावरनं माझ्या भावानं फोन करून चेन किती तोळ्याची हाय ते इचारलं.

संध्याकाळी पुण्याच्या कचेरीतनं फोन, फ्लेक्स लगेच काढा. मी म्हणलं, त्यातलं एक अक्षर खोटं दाखवा, आत्ता काढते. चेन खोटी हाय, ती मला मान्य. पलीकडं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एकदाची फाईल हुडकली. ती सात वर्षं एका सहीसाठी थांबलेली, आन् सही करणारा साहेब कवाच बदलून गेलेला. आठवड्यात आदेश निघाला: चौकशी चालू राहील, पण माणसाला कामावर घ्या. नोकरीचे एकोणीस दिवस उरलेले, काम आलेल्या कागदांवर शिक्के मारायचं. मी गावभर पेढे वाटले, म्हशीला बी एक चारला.

आन् झाला बरं निरोप समारंभ. मी आन् ज्ञानदा मागच्या रांगेत. कचेरीत ह्येंना ओळखणारं जुनं कुणी उरलंच न्हवतं, तरी तिथल्या नव्या साहेब शुभांगी मॅडम म्हणल्या, हैबतरावांची उणीव फार भासेल. एकोणीस दिवसांत कितीशी भासणार, पण बाई गोड बोलल्या. मला एवढा आनंद झाला की दुसरा वडा कवा उचलला ते कळलं न्हाई.

मग हे अंगावरची शाल सावरत उभे राहिले.

“आभारी हाय. एकच सांगतो. सात वर्षांत माझ्यावर लई कागद लिहिले गेले. पण ते पैसे तू घेतलेस का, असं मला कुणी इचारलं न्हाई. साहेबांनी न्हाई, गावानं न्हाई, घरच्यांनी बी न्हाई.”

घास तोंडातच राहिला. त्येंच्यासाठी मी दुनियेशी भांडले, फ्लेक्स लावला, पण इचारलं मात्र न्हवतं. उत्तराची भीती वाटायची, दुसरं काय. वडा खाली ठेवला आन् उठून उभी राहिले. ज्ञानदा पदर ओढत व्हती.

“मी इचारते. घेतले व्हते का तुमी?”

“न्हाई, जया.”

मी मटकन खाली बसले आन् सगळ्यांसमोर हसत हसत रडले. सात वर्षं एका घरात जेवले ह्या माणसाबरोबर, आन् एवढं इचारायला मला अख्खी कचेरी लागली.